सार्स-मर्स-कोविड तुलना तक्ता: घ्या, पण मार्कर जवळ ठेवा

नर्सिंगच्या मुलींना शिकवायला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून सार्स, मर्स आणि कोविड या कोरोना विषाणूंमुळे होणाऱ्या तीन श्वसनाच्या आजारांचा हा लॅमिनेटेड तक्ता आणला. कागद जाड, वरखालच्या पट्ट्या दणकट. फक्त ट्यूबलाइटखाली इतका चकाकतो की मागच्या बाकांवरून मधला रकाना दिसतच नाही.

सार्सचा भाग चोख आहे: २००२-०३ मध्ये ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू, वय वाढेल तसा धोका वाढलेला. मर्सचंही बरं जमलंय. उंटांशी संपर्क, मधुमेह, किडनीचे जुने आजार सगळं आलंय. दक्षिण कोरियातली २०१५ ची साथ (१८६ रुग्ण, ३८ मृत्यू) मुख्यतः रुग्णालयांतूनच पसरली, हे ठळक छापलंय ते फार छान केलं. वॉर्डात जाणाऱ्या मुलींच्या डोक्यात हेच बसायला हवं.

घोळ आहे तो मृत्युदराच्या ओळीत. मर्स ३५ टक्के, कोविड १ टक्का, बस्स! हे दर नोंदलेल्या रुग्णांवरून काढलेले असतात आणि मर्सचे सौम्य रुग्ण बरेचदा तपासणीपर्यंत पोचतच नाहीत, याचा तळटीपेतही पत्ता नाही. एकीने लगेच विचारलं, "मॅडम, म्हणजे कोविड सगळ्यात साधा ना?" अगं, त्याचे नोंदलेले मृत्यूच ७० लाखांवर आहेत! लक्षणं दिसायच्या आधीच तो दुसऱ्याला लागतो, तिथेच सगळं गणित फिरतं. एकूण मृत्यूंचा रकाना मीच लाल मार्करने काढलाय.

किंमत रास्त. दुकानदाराने वाकडी पट्टी कुरकुर न करता बदलून दिली. पाचपैकी साडेतीन.