ज्येष्ठांचं हेल्थ चेकअप पॅकेज: नागपुरात पैसे कशाला मोजावेत, कशाला नाही

धंतोली-रामदासपेठेत 'सीनियर सिटिझन फुल बॉडी चेकअप'चे फलक जागोजागी आहेत. त्यावरचा '८० तपासण्या' हा आकडा बघून आईबाबांसाठी पॅकेज निवडू नका. एका सीबीसीतच (रक्तपेशींची मोजणी) वीसेक आकडे येतात, लिव्हरचे दहा-अकरा, लिपिडचे (कोलेस्टेरॉल वगैरे) सात-आठ. त्यात लघवीची साधी तपासणी आणि थायरॉइड मिळवलं की साठी सहज गाठली जाते.

साठीनंतर खरं कामाचं काय, तर सीबीसी, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते), एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड, टीएसएच (थायरॉइड). बीपीसाठी पाणी काढणारी गोळी सुरू असेल तर सोडियम-पोटॅशियम, शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं सुरू असेल तर व्हिटॅमिन बी१२. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मात्र स्वस्तातल्या पॅकेजमधून बहुतेकदा गायब असतं. शुगर किंवा बीपी असलेल्यांसाठी ते वेगळे पैसे देऊन करून घ्यावं, कारण लघवीच्या साध्या पट्टीवर किडनीतून होणारी अल्ब्युमिनची (एक प्रथिन) सुरुवातीची गळती दिसत नाही. उलट सीए १९-९, सीईएसारखे 'कॅन्सर मार्कर' घातलेलं महाग पॅकेज सरळ सोडा. ते साध्या कारणांनीही वाढतात, मग सीटी स्कॅन आणि महिनाभराचा घोर लागतो.

विदर्भापुरती एक गोष्ट वेगळी. इथे सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरांत आहे. लाल पेशी लवकर मरत असतील तर एचबीएवनसी खोटंच कमी येतं. फास्टिंग शुगर १६० आणि एचबीएवनसी ५.४ असा बेमेळ दिसला, तर शुगर उत्तम म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवू नका. हिमोग्लोबिनचा एचपीएलसी (हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते दाखवणारी तपासणी) करायला सांगा.

घरून सॅम्पल नेण्याची सोय गुडघेदुखीवाल्यांसाठी फार चांगली आहे, पण घोळही तिथेच होतात. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. मूठ सारखी उघड-बंद करायला लावली की पोटॅशियम वाढतं. शुगरचं रक्त करड्या झाकणाच्या नळीतच हवं, साध्या नळीत पेशी तासागणिक शुगर खात राहतात. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा मानेवाड्याहून निघालेली नळी चार घरं फिरून डिक्कीत तापली तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम वाढलेलं येतं. थेट बर्फावर ठेवलेलीही चालत नाही. सॅम्पल न्यायला मुलगा आला की आधी थंड पेटी बघा, पुढे आणखी किती घरं आहेत ते विचारा. सकाळी सातची पहिली वेळ मागून घ्या.

उपास १० ते १२ तासांचा पुरे, साधं पाणी चालतं. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची, शुगरची नाश्त्यासोबत, थायरॉइडची रक्त दिल्यावर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, थायरॉइडचे आकडे बिघडतात. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. आणि रोज खाता तेच खा. एरवी कधी न खाल्लेले तर्री-पोहे आणि जिलेबी त्या दिवशी खाऊन काही कळत नाही.

सेंटर चांगलं की नाही, हे ओळखायला आम्ही एकच गोष्ट बघतो. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतात का, आणि मग उभं करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घेतात का? वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला, तर रात्री बाथरूमला उठताना पडण्याचा धोका आहे आणि गोळ्यांचा डोस बघायला हवा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसायला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर तीही नोंद हवी. याला मशीन लागत नाही. ज्या पॅकेजमध्ये हे आहे आणि शेवटी डॉक्टर सगळ्या गोळ्यांची पिशवी उघडून बघतात, त्याला जास्त पैसे देणं योग्यच. नुसता पीडीएफ पाठवणाऱ्याकडे फक्त रक्त द्या.

मोतीबिंदू, डोळ्यांचा दाब आणि पडदा बहुतेक पॅकेजमध्ये नसतो, तो वेगळा करावा लागतो. बायकांनी ६५ नंतर हाडांचा डेक्सा (घनता मोजणारा एक्स-रे) करून घ्यावा. टाचेवरची शिबिरातली तपासणी म्हणजे डेक्सा नव्हे.

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणं कठीण. काँग्रेसनगर मेट्रो स्टेशन जवळ पडतं. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, या पॅकेजना ते चालत नाही. पक्की पावती मात्र मागून घ्या. जुन्या करप्रणालीत चेकअपचे ५,००० रुपयांपर्यंत आरोग्यविम्याच्या वजावटीतच धरता येतात, रोख दिले असले तरी.