फोनवरची पाहणी की तपासणीची व्हॅन?

अमेरिकेत लोकांच्या आरोग्याच्या सवयी मोजायचे दोन ठळक मार्ग आहेत. एक फोनचा: बीआरएफएसएस, म्हणजे आरोग्याला धोका ठरणाऱ्या सवयींची पाहणी. १९८४ मध्ये १५ राज्यांपासून सुरू झालेली ही पाहणी आता सगळ्या राज्यांत चालते आणि वर्षाला चार लाखांहून जास्त प्रौढांशी बोलते. दुसरा एनहेन्स, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण तपासणी: फिरत्या केंद्रात माणसाला प्रत्यक्ष तपासायचे, रक्त घ्यायचे, रक्तदाब मोजायचा. वर्षाला साधारण पाच हजार माणसे.

फोनवर सिगारेट, दारू, सीटबेल्ट, व्यायाम असे काहीही विचारता येते, तेही स्वस्तात. पण उत्तर म्हणजे माणूस सांगेल ते. वजन विचारले की लोक काही किलो खिशात लपवतात! रक्तदाबाचा प्रश्न तर असा असतो: ‘तुम्हाला उच्च रक्तदाब आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’ जो डॉक्टरकडे गेलाच नाही, तो इथे ठणठणीत ठरतो. व्हॅनमध्ये तो सापडतो.

शिवाय घरचा फोन काढून टाकणारे, बहुतेक तरुण, यादीतून निसटत होते. म्हणून २०११ पासून मोबाइलही घेतले आणि भारांकनाची (नमुना खऱ्या लोकसंख्येशी जुळावा म्हणून उत्तरांना कमी-जास्त वजन देण्याची) पद्धत बदलली. त्यामुळे आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये.

तरी राज्याच्या आरोग्य खात्यात असतो तर मी फोनच निवडला असता. पाच हजारांच्या नमुन्यातून एकेका राज्याचे चित्र निघत नाही. आपल्याकडे एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) घरोघरी जाऊन रक्तदाब मोजते, राज्याचे आकडेही देते. पण दरवर्षी नाही.