अमेरिकेतील बक्षीस-सोडत आणि धर्मादाय रॅफल: राज्यांचे नियम

बक्षीस, नशीब आणि मोबदला (म्हणजे भाग घेण्यासाठी द्यावे लागणारे पैसे किंवा करावी लागणारी खरेदी) हे तीन घटक एखाद्या योजनेत एकत्र आले की अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यानुसार ती लॉटरी ठरते. खासगी लॉटरीला मनाई असल्यामुळे बक्षीस-सोडत ठेवणारी व्यापारी कंपनी मोबदला वगळते आणि खरेदीविना प्रवेश देते. तरीही एकूण बक्षिसे ५,००० डॉलरहून अधिक असल्यास न्यूयॉर्कमध्ये ३० दिवस, तर फ्लोरिडात ७ दिवस आधी नोंदणी करावी लागते.

धर्मादाय रॅफलमध्ये, म्हणजे तिकिटांची सोडत काढून संस्थेसाठी निधी उभारण्याच्या प्रकारात, मात्र तिकीट विकता येते, कारण संस्थेला कायद्याने खास सवलत दिलेली असते. कॅलिफोर्नियात विक्रीच्या किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कार्यालाच द्यावी लागते, आणि ही अट मला सर्वांत न्याय्य वाटते. युटामध्ये तर ही सवलतही नाही. छोट्या संस्थेने आपल्या राज्याचा कायदा वाचल्याखेरीज तिकिटे छापूच नयेत.