छायाचित्रकारांच्या गटात समीक्षा कशी चालवावी: खुली दाद, गुण आणि शिस्तीची चर्चा

छायाचित्रणाचा ऑनलाइन गट सुरू करणे सोपे असते, आणि पहिले काही महिने तो आपोआप चालतो. पहाटेचे डोंगर, पावसातली छत्री, दारातली मांजर, आणि प्रत्येकाखाली ‘अप्रतिम’, ‘मस्त क्लिक’, जोडलेले हात. मग एखादा सभासद विचारतो की, इथे कोणी खरे सांगत नाही का? किंवा उलट घडते: कोणीतरी खरे सांगतो, तेही चारचौघांत आणि तोडून, आणि दोन नवी माणसे त्या दिवसापासून काही टाकत नाहीत. अशा वेळी गट चालवणाऱ्याला ठरवावे लागते की यापुढे छायाचित्रांवर बोलायचे ते कोणत्या रीतीने. अशा गटांत आज प्रामुख्याने तीन रीती दिसतात: मोकळी दाद, गुण देऊन केलेली निवड आणि ठरलेल्या क्रमाने केलेली लेखी चर्चा. तिन्ही मी जवळून पाहिल्या आहेत आणि माझा कल तिसरीकडे आहे. पण तिची किंमत मोजण्याची तयारी प्रत्येक गटाची नसते, म्हणून ही तुलना.

तुलनेसाठी एकच छायाचित्र डोळ्यांसमोर ठेवू. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातले पुरंदावड्याचे गोल रिंगण. आषाढातले ढगाळ, सपाट ऊन. रिंगणात धावणारा माउलींचा रिकामा अश्व चौकटीच्या उजव्या कडेला पोचला आहे आणि त्याचे पुढचे पाय कडेवर कापले गेले आहेत. डावीकडे, जरा मागे, एक वयस्क बाई टापांखालची माती उचलण्यासाठी वाकल्या आहेत. मागे पांढऱ्या सदऱ्या-धोतरांची दाट रांग आणि पताका. सगळे चित्र थोडे करडे, मळकट उतरले आहे.

मोकळ्या गटात या छायाचित्राखाली ‘राम कृष्ण हरी’, ‘माउली माउली’ असे पन्नास प्रतिसाद येतील. ते मनापासून असतात. मात्र ते रिंगणाला दिलेले असतात, छायाचित्राला दिलेले नसतात. पक्ष्यांच्या गटात हेच वेगळ्या रूपाने दिसते: दुर्मिळ पक्ष्याचे हललेले, अस्पष्ट चित्र उचलून धरले जाते आणि अंगणातल्या बुलबुलाचे प्रकाशाचा नेमका अंदाज घेऊन केलेले चित्र कोणाच्या नजरेत भरत नाही. विषयाचे मोल आणि चौकटीचे मोल यांत फरक करण्याची सवय मोकळ्या दादीतून लागत नाही, ही या रीतीची मोठी उणीव. तरीही ती कमी लेखू नये. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे चित्र परक्यांपुढे ठेवले आहे, त्याला दुसरे चित्र काढावेसे वाटणे ही शिकण्याची पहिली अट आहे, आणि ती अट मोकळी दाद पूर्ण करते. अडीचशे माणसांच्या गटात रोज वीस-पंचवीस चित्रे येत असतील तर दुसरे काही शक्यही नसते. अडचण पसंतीच्या, म्हणजे ‘लाइक’च्या, आकड्यापाशी सुरू होते. इंस्टाग्रामनेही २०२१ मध्ये हा आकडा लपवण्याची सोय वापरणाऱ्यांना दिली. ज्यांच्या गटात अशी सोय आहे त्यांनी ती वापरून पाहावी. आकडा दिसेनासा झाला की काही जण तरी वाक्ये लिहू लागतात.

गुणांची रीत जुनी आहे आणि तिच्यामागे मोठी परंपरा उभी आहे. छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फियापची, रीतसर स्थापना १९५० मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाली. भारतातील क्लबांचा महासंघ १९५३ पासून आहे. त्यांच्या मान्यतेने भरणाऱ्या सलोनांमध्ये, म्हणजे निवडक छायाचित्रांच्या स्पर्धात्मक प्रदर्शनांमध्ये, सहसा तीन परीक्षक बसतात, पडद्यावर चित्र काही सेकंद राहते, प्रत्येक जण गुण देतो, बेरीज होते आणि ठरलेल्या रेषेच्या वरची चित्रे स्वीकारली जातात. हजारो प्रवेशिकांतून शे-दीडशे निवडायच्या असतील तर याहून व्यवहार्य मार्ग मला माहीत नाही. अनेक क्लब आपल्या मासिक स्पर्धेसाठी हीच रीत घेतात आणि तिथून ती ऑनलाइन गटांत उतरते. जालावरील जुन्या समूहांपैकी फोटो डॉट नेट येथे सौंदर्य आणि मौलिकता या दोन बाबींवर १ ते ७ असे गुण देण्याची पद्धत अनेक वर्षे होती, आणि तिथल्या सभासदांचा बराच वेळ ‘मला तीन का दिले’ या वादातच गेला.

आपल्या रिंगणाच्या चित्राला समजा तीन परीक्षकांनी पाच, सहा आणि चार दिले. छायाचित्रकाराला कळले ते एवढेच की चित्र पडले. अश्वाचे पाय कापले म्हणून पडले, करडेपणामुळे पडले, की परीक्षकांनी त्या दिवशी वारीची चाळीस चित्रे पाहिली होती म्हणून, हे कळण्याचा मार्ग नाही. यावर उपाय म्हणून काही गट गुणांसोबत दोन ओळींचा शेराही देतात, आणि इथे मला शिक्षणशास्त्रातला एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात काहींना केवळ शेरे दिले, काहींना केवळ गुण आणि काहींना दोन्ही. केवळ शेरे मिळालेल्या मुलांचे काम सुधारले आणि त्यांची गोडीही टिकली. गुण व शेरे दोन्ही मिळालेल्यांची स्थिती जवळजवळ केवळ गुण मिळालेल्यांसारखी राहिली. आकडा दिसला की नजर आकड्यावर थांबते आणि शेरा वाचलाच जात नाही. मुले आणि प्रौढ हौशी छायाचित्रकार यांत अंतर आहे, हे मान्य. पण गुणांची यादी लागल्यावर गटात पुढचे दोन दिवस कशाची चर्चा होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा निष्कर्ष परका वाटणार नाही.

याच विषयावर क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरील पूर्वीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, परंतु त्यांनी तपासलेल्या ६०७ निष्पत्तींपैकी एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा खालावले होते. लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांचे म्हणणे. गट चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, कारण ‘तू फार प्रतिभावान आहेस’ आणि ‘तुला जमत नाही’ ही दोन्ही वाक्ये चित्रावरून माणसावर घसरतात.

तिसरी रीत म्हणजे शिस्तीची चर्चा. हिचे अनेक प्रकार आहेत. मला सर्वांत उपयोगी वाटलेला साचा नृत्याच्या क्षेत्रातून आलेला आहे. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लरमन यांनी १९९० च्या सुमारास चार पायऱ्यांची एक पद्धत मांडली. आधी पाहणारे आपल्याला काय भिडले, काय जाणवले ते सांगतात. मग कलाकार प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण असे की ज्यात मत दडलेले नसेल. आणि शेवटी मत, तेही कलाकाराने ऐकण्याची तयारी दाखवली तरच. छायाचित्रांच्या लेखी चर्चेसाठी यात एक भर घालावी लागते: चित्रासोबत छायाचित्रकाराने दोन ओळींत आपला हेतू आणि शटर (प्रकाश किती वेळ आत आला), छिद्रमान (भिंगाचे छिद्र किती उघडे होते), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता किती ठेवली) यांचे आकडे द्यायचे, पण हेतू पहिली पायरी पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवायचा.

आता तेच रिंगण या क्रमातून नेऊ. पहिल्या पायरीवर पाच जण लिहितात की त्यांची नजर अश्वावर जाते, पण टिकत नाही. ती डावीकडे वाकलेल्या बाईंच्या हातापाशी येऊन थांबते. मग हेतू उघड होतो: छायाचित्रकाराला धावता अश्व दाखवायचा होता, आणि बाई चौकटीत आहेत हे त्याने घरी आल्यावर पाहिले. या एका फटीत शिकण्यासारखे जितके आहे तितके पन्नास शाबासक्यांत आणि तीन आकड्यांत नाही. पुढे तो स्वतःच विचारतो की चित्र इतके मळके का आले. कोणी जाणता सांगतो की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चौकटीचा मोठा भाग पांढऱ्या कपड्यांनी भरला की तो प्रकाश कमी करतो आणि पांढरे करडे होते. अशा ठिकाणी अर्धा ते एक स्टॉप प्रकाश अधिक द्यावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ छटांचा आलेख, उजव्या टोकाला आदळत नाही ना, ते पाहावे. तिसऱ्या पायरीवर कोणी विचारतो, ‘१/२००० सेकंद हा शटरवेग का निवडला?’ उत्तर येते, ‘हलू नये म्हणून.’ मग चर्चा अशी सरकते की १/२००० ला अश्व जागच्या जागी थिजतो, आणि तोच १/६० च्या आसपास कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवत घेतला तर रांग पुसट होऊन वेग दिसू शकला असता. दहातले आठ प्रयत्न फसतील, पण रिंगणात अश्व एकच फेरी घालत नाही. मताची पायरी येईपर्यंत मत सांगण्याची गरज फारशी उरत नाही.

हे सगळे फुकट होत नाही. दहा जणांचा गट, महिन्याला प्रत्येकी एक चित्र आणि प्रत्येक चित्रावर किमान तीन लेखी अभिप्राय धरले तर महिन्याला तीस अभिप्राय होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन. एका अभिप्रायाला वीस मिनिटे लागतात असे धरू. महिन्याला एक तास. हे जमते. गट चाळीसचा झाला की चित्रे चाळीस होतात, सगळी पाहणे जड जाते, चर्चा पातळ होते आणि माणसे पुन्हा ‘मस्त’वर येतात. म्हणून ही रीत पंधराच्या पुढे नेऊ नये. त्यापुढे गटाचे दोन गट करावेत.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, जी बाहेरून आलेल्या कोणत्याही साच्यात धरलेली नसते. गटातल्या ज्येष्ठाला आपण ‘सर’ म्हणतो, आणि सरांनी एकदा मत दिले की बाकीच्यांची वाक्ये त्याच दिशेला वळतात. सरांच्या स्वतःच्या चित्रावर तर कोणी लिहीतच नाही. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: लिहिण्याचा क्रम उलटा ठेवायचा, सर्वांत नव्याने आधी आणि ज्येष्ठाने शेवटी. आदर ढळत नाही, आणि नव्या माणसाला आपल्या नजरेवर विसंबावे लागते. दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजीत ‘नाइस कॅप्चर’ लिहून सुटता येते. मराठीत लिहायचे ठरवले की माणूस ‘इथे डोळा अडतो’, ‘वरची बाजू कोंदटली आहे’, ‘पताका त्यांच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसते’ असे लिहू लागतो, म्हणजेच त्याने काय पाहिले ते सांगू लागतो.

मी तिसऱ्या रीतीकडे झुकतो त्याचे खरे कारण मात्र ज्याचे चित्र आहे त्याच्याशी निगडित नाही. या रीतीत अधिक शिकतो तो लिहिणारा. दुसऱ्याच्या चौकटीत नजर कुठे पळते हे महिन्यातून तीनदा शब्दांत पकडावे लागले की पुढच्या वेळी स्वतः कॅमेरा डोळ्याला लावताना तीच नजर आपल्या चौकटीच्या कडांवरून फिरते. दाद आणि गुण यांत देणाऱ्याला काही करावे लागत नाही, म्हणून त्याला काही मिळतही नाही. मुंबईत १८५४ मध्ये स्थापन झालेल्या छायाचित्रकारांच्या सोसायटीतही सभासद एकत्र जमून आपली कामे मांडत आणि प्रक्रियांवर बोलत. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी होते. त्या काळी रसायने आणि काच हाताळताना एकमेकांना विचारल्यावाचून गत्यंतर नव्हते. आज कॅमेरा बहुतेक तांत्रिक प्रश्न स्वतःच सोडवतो, आणि विचारण्याची ती सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

कोणतीही रीत निवडली तरी काही गोष्टी आधी ठरवाव्यात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होते आणि दाबले जाते, त्यामुळे तीक्ष्णतेवरची टीका तिथे व्यर्थ ठरते; समीक्षेसाठीचे चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे आणि एसआरजीबी या बहुतेक पडद्यांना चालणाऱ्या रंगप्रणालीमध्ये काढावे, नाहीतर अनेकांच्या पडद्यावर रंग फिके दिसतात. पण डॉक्युमेंटसोबत ठिकाणाची नोंदही जाऊ शकते, म्हणून दुर्मिळ वन्यजीवांच्या बाबतीत ती आधी काढून टाकावी, आणि घरट्यांची चित्रे तर गटात घेऊच नयेत. निसर्गचित्रांवर ‘ती फांदी पुसून टाक’ असा सल्ला देण्यापूर्वी हेही माहीत हवे की फियाप, अमेरिकेची छायाचित्रण संस्था पीएसए आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१५ पासून स्वीकारलेल्या निसर्गविभागाच्या समान व्याख्येत चित्रातला घटक पुसणे किंवा घालणे चालत नाही. चांगल्या हेतूने दिलेला सल्ला तिथे प्रवेशिका बाद करतो.

गट मोठा, ओळख नसलेल्यांचा आणि मुख्यतः आनंदासाठी असेल तर मोकळी दाद राहू द्यावी. तिच्यात आठवड्याला एक चित्र निवडून त्यावर तेवढी सविस्तर चर्चा करणे हा चांगला मध्यममार्ग आहे. सभासद सलोनांना चित्रे पाठवणारे असतील तर गुणांचा सराव हवाच, पण तो वेगळ्या दिवशी घ्यावा आणि चर्चेच्या आधी गुण जाहीर करू नयेत. आठ-दहा जण वर्षभर एकत्र शिकू इच्छित असतील तर शिस्तीची चर्चा निवडावी, आणि पहिल्या महिन्यात चर्चेला पहिले चित्र गट चालवणाऱ्याने स्वतःचे ठेवावे: भिंतीवर लावलेले नव्हे, तर ज्यात आपल्याला हवे होते ते उतरले नाही आणि का उतरले नाही हे अजून कळलेले नाही, असे.