पाटी (अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या) घ्याव्यात की व्यालेल्या शेळ्या?

धाराशिव-लातूर भागात मांसासाठी उस्मानाबादी शेळ्यांचा छोटा कळप उभा करू पाहणाऱ्याला हा पेच हमखास पडतो.

किमतीत पाट स्वस्त वाटते. परंतु ती माजावर येऊन फळेपर्यंतचा चारा आणि त्यानंतरचे सुमारे १५० दिवसांचे गाभणपण हिशोबात धरले, तर हा फरक बराच आटतो.

खात्रीच्या बाबतीत एक-दोन वेतांची (एक-दोनदा व्यालेली) शेळी निश्चितच पुढे आहे, कारण तिची कास व सड कसे आहेत, तिने जुळी दिली का आणि ती करडांना नीट पाजते का, हे सारे प्रत्यक्ष पाहता येते. पाटीबाबत मात्र तिच्या आईवरूनच अंदाज बांधावा लागतो. तरीही चांगली दुभती शेळी मालक सहसा विकत नाही, हे ध्यानात ठेवावे. गाभडलेली (गर्भपात झालेली) किंवा कासदाह (कासेची सूज) होऊन गेलेली शेळी बाजारात सहज खपवली जाते, म्हणून खरेदी शक्यतो गोठ्यावर जाऊन, करडे सोबत पाहूनच करावी.

टिकाऊपणात पाट वरचढ ठरते, कारण तिची सारी वेते पुढे असतात. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) आणि आंत्रविषार (जिवाणूंच्या विषामुळे होणारा आतड्यांचा रोग) यांची लस दोघींनाही लागतेच.

वर्षभरात बोकड विकून हाती पैसा हवा असेल, तर चार दाती (चार कायमचे दात आलेल्या), व्यालेल्या शेळ्या घ्याव्यात. घरचा चारा आणि थांबण्याची तयारी असेल, तर जुळ्यांतल्या पाटी निवडाव्यात.