दहावीच्या उपयोजित लेखनाची रविवार बॅच : २२०० रुपये वसूल झाले का?

लेक यंदा दहावीला, सेमीत आहे पण मराठी फर्स्ट लँग्वेज, म्हणजे कुमारभारती. गणित-विज्ञानाचा क्लास आठवीपासून चालूच आहे, मराठीला कोण क्लास लावतं असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे. मग पहिल्या सत्राचा पेपर घरी आला, धडे कविता व्याकरण सगळं बरं आणि शेवटच्या उपयोजित लेखनात २४ पैकी ११. ८० चा पेपर, त्यातले २४ तिथेच, पत्राला ६, जाहिरात बातमी कथा यातल्या दोन कृती मिळून १०, आणि प्रसंगलेखन आत्मकथन वैचारिक यातलं एक ८ ला. १३ मार्क तिथेच सांडले म्हटल्यावर माझी तत्त्वं गुंडाळून ठेवली आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका क्लासची ही बॅच लावली. नाव लिहीत नाहीये, कारण खाली थोडं वाईटसाईट पण लिहायचंय आणि पुढच्या वर्षी धाकट्यालाही बहुतेक तिथेच पाठवावं लागेल.

सहा रविवार, सकाळी ८ ते साडेदहा, फी २२०० आणि नोट्सच्या झेरॉक्सचे १५० वेगळे (हे आधी सांगत नाहीत). एका हॉलमध्ये २२ पोरं, बाकं पुरेशी, पंखे दोन त्यातला एक शोभेचा.

आधी चांगलं सांगते. पहिले दोन रविवार सरांनी फक्त फॉरमॅट घेतला आणि तो माणूस फॉरमॅटमध्ये खरंच पक्का आहे. आपल्या वेळचं पत्र डोक्यातून काढून टाका असं त्यांनी आम्हा पालकांनाच पहिल्या दिवशी ऐकवलं. आता सगळं डाव्या बाजूला, वर दिनांक, मग प्रति, विषय, आणि खाली पाठवणाऱ्याचा पत्ता नि ई-मेल, पाकीट काढत बसायचं नाही. माझी पोरगी सत्र परीक्षेत पट्टीने पाकीट आखून त्यावर तिकिटाचा चौकोन काढून आली होती, का तर मीच शिकवलं होतं! जाहिरातीतही तेच, हिने स्केचपेनने अख्खा फुलांचा हार काढला होता आणि संपर्काचा पत्ताच लिहिला नव्हता. सरांचं म्हणणं सरळ, चित्राला मार्क नाहीत, शब्दांना आहेत, पेन एकच वापरा आणि फोन नंबर विसरू नका. बातमी घडून गेल्यासारखी लिहायची, मथळा, ठिकाण, तारीख, आणि त्यात 'मला खूप आनंद झाला' वगैरे आपलं मत घुसडायचं नाही. कथेला शीर्षक हवंच. एवढं सगळं खरं तर पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानांत दिलेलं आहे आणि ते पुस्तक बालभारतीच्या साईटवर फुकट मिळतं, पण माझ्या घरात ती पानं कोणी उघडली नव्हती ही आमची चूक.

आता तिसरा रविवार. आत्मकथन. इथे माझं डोकं फिरलं.

सरांनी साचा दिला. रविवारचा दिवस होता, मी माळा आवरत होते, तेवढ्यात आवाज आला, 'अगं ए मुली, इकडे बघ!' मी दचकून मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही. मग ती वस्तू बोलणार, आधी मला खूप मान होता, आता कोणी विचारत नाही, शेवटी आवाज बंद होणार, मी भानावर येणार, खाली एक सुविचार. फाटलेलं पुस्तक असो, पडका वाडा असो नाहीतर नदी असो, साचा तोच. अहो नदी माळ्यावर कशी येईल? पण पोरांनी लिहिलं की! एकाने खरंच माळा आवरता आवरता गोदावरीचा आवाज ऐकला. मी न्यायला जरा लवकर गेले होते म्हणून दारात उभं राहून पाच-सहा पोरांचं वाचन ऐकायला मिळालं, सगळी दचकली, सगळी भानावर आली. उद्या एकाच सेंटरच्या गठ्ठ्यात हे असे वीस पेपर तपासणाऱ्या बाईंच्या हातात पडले तर त्या काय करतील? बरं हे सरांना विचारलं तर म्हणाले, "ताई, तपासणाऱ्याला एका पेपरला वेळ किती असतो, त्याला मुद्दे दिसले पाहिजेत." यात तथ्य नाही असं नाही म्हणत मी. पण मग ८ मार्कांचं पाठच करून जायचं तर त्याला लेखनकौशल्य कशाला म्हणायचं.

चौथ्या रविवारी सर आजारी पडले, आणि या क्लासचे पैसे वसूल झाले ते त्या दिवशी.

त्यांच्या जागी एक मॅडम आल्या होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी पर्समधून एक गंजलेलं कुलूप काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, अर्धा तास कोणी 'मी कुलूप बोलतोय' लिहायचं नाही, आधी याला विचारा. तू कुठल्या दाराला होतास? तुला रोज हात कोण लावायचं? तू काय काय ऐकलंस? तुला दुखतं कुठे? शेवटचं कोणी उघडलं? उत्तरं वहीत टाका, वाक्यं नंतर. आणि घरी जाऊन घरातलीच एक वस्तू शोधून हेच करून आणा. बस्स, एवढंच शिकवलं, नोट्स नाहीत काही नाही.

माझे सासरे एसटीत कंडक्टर होते. त्यांचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा अजून कपाटात आहे, हिने तो काढला आणि आजोबांपुढे जाऊन बसली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, एरवी हे दोघं एकमेकांशी टीव्हीच्या रिमोटपुरतं बोलतात. तासभर चाललं त्यांचं. मग तिने जे लिहिलं त्याची सुरुवातच अशी होती, 'टण् एकदा वाजली की थांबायचं, टण् टण् दोनदा वाजली की निघायचं. घंटीची दोरी माझ्या मालकाच्या एका हातात आणि मी दुसऱ्या.' पुढे गर्दीत तो चिमटा दांड्यावर आपटून 'पुढे सरका' म्हणणं, यात्रेच्या दिवसांत बोटाला पडलेला घट्टा, आणि शेवट 'मग मशीन आलं. त्याला भोक पाडावं लागत नाही.' संपलं, खाली सुविचार नाही. मी दोनदा वाचलं. सासऱ्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, यात्रेचं ठीक आहे पण सुट्ट्या पैशांची भांडणं राहिली की, ती टाक.

पाचव्या रविवारी सर परत आले. वही दोन आठवड्यांनी मिळाली (ही दुसरी तक्रार, बाकीच्या लेखनावर नुसती बरोबरची खूण, कुठे काय चुकलं काही नाही) आणि या चिमट्यावर लाल पेनने शेरा, 'प्रस्तावना नाही, संदेश नाही, ५/८'. पोरगी रडली नाही पण जेवली पण नाही. मी सरांना फोन केला, ते म्हणाले लिहिलंय छान, पण बोर्डात रिस्क नको. मग मी मॅडमचा नंबर मागितला, तो काही मिळाला नाही.

प्रिलिममध्ये शाळेच्या पेपरात आत्मकथनाला नेमका छत्रीचा विषय आला. हिने माळा नाही काढला आणि कोणी दचकलं पण नाही, छत्रीच सुरुवातीपासून बोलायला लागली, शेवटी मात्र सरांच्या भीतीने एक ओळ संदेशाची टाकून आली. ८ पैकी ७. पत्राला ६ पैकी ६ आणि ते पूर्णपणे सरांचं श्रेय, मी नाकारत नाही. एकूण २४ पैकी २०.

तर माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार. पत्र, बातमी, जाहिरातीत मार्क जात असतील तर पहिले दोन आणि शेवटचा सरावाचा रविवार डोळे झाकून करा, बसून वेळ लावून पेपर लिहून घेतात ते चांगलं आहे, आमची कथा नेहमी वेळेअभावी अर्धी राहायची ती आता पूर्ण होते. ज्याला मुळात लिहायची आवड आहे त्याला तिसऱ्या रविवारी घरीच ठेवा. आणि फी भरताना विचारून घ्या की त्या मॅडम एखादा तरी रविवार घेणार आहेत का, घेणार असतील तर मला पण कळवा, धाकटा पुढच्या वर्षी आहे.

गाडी नेऊ नका, खाली पार्किंगची बोंब आहे.