संस्थेचं बचत खातं, दीड वर्षानंतर: व्याजदर नका विचारू, सही बदलायला काय लागतं ते विचारा

आमची संस्था छोटी आहे. तालुक्याच्या गावी एक अभ्यासिका चालवतो आणि दरवर्षी काही मुलामुलींची कॉलेजची फी भरतो. महाराष्ट्रात असते तशी दुहेरी नोंदणी: 1860 चा सोसायटी कायदा आणि 1950 चा विश्वस्त व्यवस्था कायदा. मी खजिनदार, म्हणजे बँकेच्या खिडकीशी उभं राहायचं काम माझं. दीड वर्षापूर्वी जुनं खातं बंद करून एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या स्थानिक शाखेत बचत खातं काढलं. बँकेचं नाव मुद्दाम देत नाही. संस्थेच्या खात्याचं बरंवाईट बँकेपेक्षा शाखेवर ठरतं, असं माझं आता पक्कं मत झालंय.

खातं काढण्याआधी कार्यकारिणीत बरीच खडाजंगी झाली. एका खाजगी बँकेचा तरुण प्रतिनिधी टॅब घेऊन अभ्यासिकेतच आला. चालू खातं, फुकट क्यूआर, पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा, वर ओव्हरड्राफ्टची सोय. मुलगा गोड बोलणारा होता, पण आमच्यासारख्या सार्वजनिक न्यासाला (ट्रस्टला) धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही आणि ओव्हरड्राफ्ट हेही कर्जच, हे त्याच्या गावीही नव्हतं. शिवाय चालू खात्यावर व्याज शून्य, आणि किमान शिल्लक आमच्या आवाक्याबाहेरची.

दुसरीकडून आग्रह होता गावातल्या पतसंस्थेचा. आमचे एक विश्वस्त, अण्णा, तिथे संचालक आहेत, व्याजही चांगलं देतात. नाही म्हणणं अवघड गेलं, पण विश्वस्त व्यवस्था कायद्याचं 35 वं कलम उघडून दाखवलं. न्यासाचा पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टाच्या बचत खात्यात, शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा. पतसंस्था ही बँक नव्हे, आणि तिथल्या ठेवीला 5 लाखांच्या विम्याचं कवचही नाही. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत, मग विषय संपला.

नागरी सहकारी बँकेचं नावही निघालं होतं. पण 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढू देत होते, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हच्या दारात तीच गर्दी दिसली. दुसऱ्याच्या देणगीचा पैसा असा अडकला तर देणगीदारांना काय तोंड दाखवायचं? विम्याची 5 लाखांची मर्यादा एका बँकेतली बचत आणि मुदत ठेव मिळून मोजतात, म्हणून आम्ही ठेवी दुसऱ्या बँकेत ठेवल्या.

खातं उघडणं हा सोहळाच होता. घटना, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, संस्थेचं पॅन, प्राप्तिकराचे कागद, ठराव, सह्या करणाऱ्यांची केवायसी आणि नीती आयोगाचा दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या पोर्टलवरचा). 2023 पासून बँकांना अशा संस्थांची दर्पणवर नोंद असल्याची खात्री करावी लागते, तेव्हा तो आधीच काढून ठेवा. काउंटरवर पहिलं वाक्य ठरलेलं: "संस्थेला चालू खातंच मिळतं." हे खरं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नोंदणीकृत सोसायट्यांना आणि ज्यांचं उत्पन्न करमुक्त आहे अशा संस्थांना बचत खात्याची स्पष्ट मुभा आहे. नियमाची छापील प्रत नेली होती. मॅनेजर मॅडमनी ती वाचली, झेरॉक्स काढून फाईलला लावली आणि फॉर्म बदलून दिला. शाखा बरी निघणार याचा अंदाज तिथेच आला.

खरी कसोटी लागली सचिवांची पुण्याला बदली झाल्यावर. त्यांनी राजीनामा दिला, नवीन सचिव निवडले. कायद्याप्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा, तो केला. पण तो मंजूर होऊन परिशिष्ट एकच्या, म्हणजे त्या कार्यालयातल्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर नवीन नाव चढायला किती काळ जाईल, हे कुणीच सांगू शकत नाही. आमच्या जुन्या बँकेचा खाक्या असा: आदेश आणा, नवा उतारा आणा, तोवर जुन्याच सह्या. म्हणजे राजीनामा दिलेल्या माणसाच्या सहीसाठी चेकबुक घेऊन फिरायचं. एका सालात मुलांची फी त्यापायी उशिरा गेली होती.

इथे काय झालं? ठराव, राजीनामा, चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच आणि आदेश आल्यावर प्रत देऊ असं हमीपत्र, एवढ्यावर नवीन सही चढली. आठवड्याच्या आत. खात्याचा व्यवहार आम्ही सुरुवातीपासून "अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी कोणतेही दोघे" असा ठेवला होता, त्यामुळे मधल्या काळातही काम अडलं नाही. खातं काढायला जाल तेव्हा हाच एक प्रश्न विचारा: चेंज रिपोर्ट प्रलंबित असताना सही बदलून देता का? समोरच्याला चेंज रिपोर्ट म्हणजे काय तेच समजावून सांगावं लागलं, तर पुढच्या शाखेत जा.

आता कुरकुर. नेट बँकिंगमध्ये एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, ही पद्धत उत्तम आहे. पण ॲप मध्येच बाहेर फेकतं, आणि आमच्या सत्तरी ओलांडलेल्या अध्यक्षांना ओटीपी येईतो वेळ संपलेली असते. शेवटी चेकच बरा वाटतो. मेसेजचे पैसे कापतात, त्यावर 18 टक्के जीएसटी. पासबुक छापायचं यंत्र जत्रेतल्या पाळण्यासारखं, चालू दिसलं की लगेच रांगेत घुसायचं.

सगळ्यात जास्त घाम काढला स्टेटमेंटने. यूपीआयने आलेल्या देणगीपुढे अर्धवट कापलेलं नाव आणि लांबलचक आकडा असतो. 80जी ची (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी) पावती द्यायची तर देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन हवं, आणि 31 मेच्या आत 10बीडी, म्हणजे देणग्यांची यादी देणारा प्राप्तिकर खात्याचा फॉर्म, भरायचं. उशीर झाला की दिवसाला 200 रुपये. पहिल्या मे महिन्यात "SURES" असा कुणीतरी सुरेश शोधायला मी निम्म्या गावाला फोन लावले. आता क्यूआरच्या खालीच व्हॉट्सॲप क्रमांक छापलाय आणि "पॅन व पत्ता पाठवल्याशिवाय पावती नाही" असं ठळक लिहिलंय. स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवता येतं, दर शनिवारी ते पावतीपुस्तकाशी जुळवतो. रोख देणगी 2,000 च्या वर असेल तर देणाऱ्याला करसवलतच मिळत नाही, हे गणपतीच्या दिवसांत दहादा सांगावं लागतं.

परदेशातल्या मंडळींबद्दल. गावातली एक मुलगी न्यू जर्सीत आहे, तिला पैसे पाठवायचे होते. पासपोर्ट अमेरिकेचा झालाय, म्हणून नाही म्हणालो. तिने इथल्या खात्यातून रुपयांत पाठवले असते तरी ती परदेशी देणगीच ठरली असती. त्यासाठी एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. दुबईतल्या तिच्या भावाचा पासपोर्ट भारतीय आहे, त्याने स्वतःच्या कमाईतले पाठवले, ते सरळ जमा झाले.

गुण द्यायचे तर शाखेला पाचपैकी साडेचार, ॲपला दीड. मॅनेजर मॅडमची बदली पुढच्या मार्चनंतर कधीही होईल असं त्या स्वतःच म्हणतात, म्हणून सही बदलून दिल्याच्या पत्राची शिक्का मारलेली प्रत मी आताच मागून घेतली आहे.